डाव्या पायाची हरकत

माझ्या डाव्या पायाने डॉक्टरांच्या देखत साफ सांगितलं की उजव्या गुडघ्यासाठी तो आपल्या मांडीतली एक दोरीही देणार नाही, तेव्हा आमचं भांडण सुरू होऊन पाऊण तास झाला होता.

तोवर मी त्याला बरंच बोलून घेतलं होतं. सत्तर वर्षं शेजारी चाललेल्या भावाला असं वाऱ्यावर सोडतात का, असं विचारलं होतं. तुला तेल कुणी चोळलं, तुझ्या टाचेतला बाभळीचा काटा कुणी काढला, तुझ्या चिखल्यांची खाज कुणी सोसली, सगळं काढून झालं होतं. माझं संपेपर्यंत तो थांबला. मग अंगठा एकदा वर करून म्हणाला, "तुमचं झालं असेल तर मी बोलतो."

नकाराला मी तयार होते. त्या 'तुमचं'ला नव्हते. हा पाय जन्मापासून माझ्याशी एकेरीत बोलत आला. 'अगं हौसा, खडा टोचतोय बघ,' हे त्याचं बोलणं. तो आज परक्या माणसांत मला अहोजाहो करत होता. नवरा-बायकोत असं झालं की घर फुटलं समजावं. मी हबकले, आणि हबकले हे दिसू नये म्हणून पाणी मागितलं. ऑपरेशनच्या आधी पाणी बंद असतं, त्यामुळे तेही मिळालं नाही.

पडद्याआड आम्ही पाच जण होतो, उजव्याला धरून सहा. डॉक्टर मणेर हे हाडांचे सर्जन, पस्तिशीच्या आतले, महिन्यातून दोनदा आमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात येतात. त्यांच्या शेजारी स्टुलावर अवयव-संमती विभागाच्या पाटणेबाई, मांडीवर फाईल आणि फाईलवर शाईची डबी. माझ्या उशाशी शैला, माझ्या भावाची मुलगी. मला आत्ती म्हणते. शैलाचं आणि माझं बोलणं कामापुरतं आहे. अकरा वर्षं मी तिच्या घरी जेवलेले नाही. का, ते तिने दोनदा विचारलं, मी सांगितलं नाही. मग तिने विचारायचं सोडलं. यायचं सोडलं नाही.

साठी ओलांडली की माणसाच्या अवयवांची संमती वेगळी घ्यावी लागते, हे मी नव्याने सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या बंडू सुताराच्या अपेंडिक्सने स्वतःला काढायच्या कागदावर एका दिवसात ठसा दिला. शहाणं होतं. माझ्या नणंदेच्या कानाने मात्र यंत्र बसवून घ्यायला दीड वर्ष लावलं, कारण आत्ता कुठे तिचा आवाज कमी यायला लागला होता. अवयवाचं ऐकून घ्यायचं, ते लिहून घ्यायचं, खाली ठसा घ्यायचा. पायाचा असला तर अंगठ्याचा. माझ्या हृदयापासून कोपरापर्यंत सगळ्यांचा होकार आदल्या दिवशीच आला होता. उजव्या गुडघ्याने तर ठसा दोनदा दिला. अडला तो डावा.

आता उजव्याचं काय झालं ते सांगते.

मी हाडं बसवते. निखळलेला खांदा, सरकलेलं मनगट, मुरगळलेला घोटा, हे सगळं माझ्या ओट्यावर येतं. मला कुणी शिकवलं नाही. खाटकाकडून बकऱ्याची हाडं आणून मी ती जुळवत बसायची. अक्षरंही मला कुणी शिकवली नाहीत. औषधांच्या बाटल्यांवरची नावं एकमेकांशी ताडून पाहत मी अडतिसाव्या वर्षी वाचायला लागले. मग रद्दीच्या दुकानातून शरीराचं एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि ते मानेपासून मांडीपर्यंत आणि नडगीपासून पावलापर्यंत पाठ केलं. मधली वीस पानं कुणीतरी फाडून नेली होती. गुडघा त्या वीस पानांत होता.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. गुडघ्याचा माणूस आला की मी आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप द्यायची आणि तीन आठवडे पाय हलवू नको म्हणायची. बहुतेकांना गुण यायचा. ज्यांना यायचा नाही त्यांनी पाय हलवला असणार, असं मी म्हणायची.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयाने माझा सत्कार केला. बिनशाळेची वाचायला शिकलेली बाई म्हणून. अंगावर शाल, हातात नारळ, समोर चारशे माणूस. सत्कार झाल्यावर वाचनालयाच्या ओट्याच्या तीन दगडी पायऱ्या उतरताना मी पडले. उजवा गुडघा अंगाखाली दुमडला आणि आतून सुतळी तुटल्यासारखा आवाज आला. माणसं धावली. काय झालं, काय झालं म्हणायला लागली. मी जमिनीवर बसूनच सांगितलं की डावा घसरला.

घरी जाऊन लेप दिला. तीन आठवडे पाय हलवला नाही. सूज उतरली, पण गुडघा काही सरळ होईना. पाय उचलावा तर मांडी उठायची आणि नडगी लोंबत राहायची. गुडघ्याची वाटी दोन बोटं वर सरकली होती. हे मला पहिल्या आठवड्यातच बोटांना कळलं. पण ती मुळात कुठे असायला हवी ते त्या वीस पानांत होतं. माझी जन्मापासून वरच असेल, असं मी ठरवलं, आणि डावीकडे चाचपून पाहिलं नाही.

तेव्हापासून मी उजव्या मांडीवर हात दाबून चालते. पायरी चढायची तर डावा आधी, उतरायची तर उजवा ओढत. जड काम सगळं डाव्याचं. महिन्यापूर्वी मोरीत उजवा दुमडला तो दुमडलाच. सकाळी आठ ते बारा मी ओल्या फरशीवर पडून होते. दूधवाल्या बाईने शैलाला फोन केला. शैला आली, तिने मला उचललं, पुसलं, आणि म्हणाली की आत्ती, आता एक तर ऑपरेशन, नाही तर घराला कुलूप लावून माझ्याकडे मिरजेला चल. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. माझ्याकडे येणारी माणसं खांदा धरून दोन मजले चढणार नाहीत. आणि जिच्या घरचा घास अकरा वर्षं घेतला नाही तिच्या घरी मरेपर्यंत जेवायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी ऑपरेशन म्हणाले.

डॉक्टर मणेरांनी फोटो खिडकीला धरून दाखवला. वाटीला नडगीशी बांधणारा दोर असतो. डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात. माझा त्याच दिवशी मधोमध तुटला होता. तेव्हाच आला असतात तर टोकाला टोक शिवलं असतं, असं ते म्हणाले. आता अकरा वर्षांत टोकं आक्रसली, मध्ये नुसती जून खपली भरली, वरचा स्नायू आखडला. शिवायला दोरच शिल्लक नाही. नवा आणायला लागणार. मांडीच्या मागे बारीक दोऱ्या असतात, त्यांतल्या दोन काढायच्या, वेणीसारख्या पिळायच्या, वाटीला आणि नडगीला भोकं पाडून त्यांतून ओवायच्या. उजव्याच्या मांडीतल्या काढायच्या तर त्या अकरा वर्षं काम नसल्याने सुकून गेल्या आहेत. डाव्याच्या टणक आहेत.

"डाव्याला त्रास किती?" मी विचारलं होतं.

"थोडा, आज्जी. काही दिवस मागे ओढेल. माणसं चालतात नंतर. तुमचं वय आहे, जखम जुनी आहे, अगदी पूर्वीसारखं होईल असा शब्द मी देत नाही. पण पाय सरळ उचलाल एवढं धरून चालू."

मला तो डॉक्टर त्या उत्तराने आवडला. शब्द देत नाही म्हणणारा माणूस मी माझ्या धंद्यात दुसरा पाहिला नाही, मला धरून.

तर आता डावा बोलायला लागला. त्याचा आवाज घोट्याच्या आतल्या बाजूने येतो, जरा घोगरा. तो सावकाश बोलला, पाटणेबाईंना लिहिता यावं म्हणून वाक्यावाक्याला थांबत.

ऑपरेशननंतर उजवा सहा आठवडे सरळ पट्ट्यात राहणार, त्याला वाकायचं नाही, भार घ्यायचा तो बेताने. तेव्हा ते सहा आठवडेही त्यानेच ओढायचे, आणि तेही दोन दोऱ्या कमी असताना. हे त्याला मान्य आहे, असं तो म्हणाला. कष्टाची त्याची तक्रार नाही. अकरा वर्षं त्याने कधी रजा मागितली नाही. उजवा त्याचा भाऊ आहे आणि त्याच्याविषयी मनात काही नाही.

"मग अडलंय काय?" डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाराच्या आत मला आत न्यायचं होतं. दुपारी त्यांना दुसऱ्या गावी एक मोडलेलं खुब्याचं हाड होतं, आणि इथे पुन्हा पंधरा दिवसांनी.

"अडलंय ते त्यांना माहीत आहे," डावा म्हणाला.

मी म्हणाले की मला काही माहीत नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांचा वेळ घेतोस, जे काय ते सांग. आणि ठसाच तर द्यायचाय, सही नव्हे. अंगठेबहाद्दराला एवढा कसला तोरा, असंही म्हणाले. हे मी म्हणायला नको होतं. पण पोट रिकामं असलं की माझी जीभ माझ्या आधी उठते.

"तुम्हीही अडतीस वर्षं अंगठाच देत होता," डावा म्हणाला. "मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही."

शैलाने खिडकीबाहेर बघितलं. पाटणेबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं की नाही मला दिसलं नाही.

मग पाटणेबाईंनी फाईलमधून दुसरा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. त्या म्हणाल्या की रुग्णाला हे कळवणं नियमाने भाग आहे. डाव्या पायाचा एक अर्ज त्यांच्याकडे गेल्या सोमवारपासून पडून आहे. मी फोटोच्या रांगेत बाकावर डुलकी काढत असताना त्याने तो दिला होता. खाली अंगठ्याचा स्वच्छ ठसा होता. वर लिहिलं होतं, विनंती बदली.

मी तो कागद दोनदा वाचला. वाचायला शिकल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात तेव्हा एकदाच झाला. तीन पसंत्या दिल्या होत्या. पहिली, आमच्या भागात टपाल वाटणाऱ्या लोहारबाई. त्यापुढे कंसात कारण होतं, चालणं भरपूर, बोलणं कमी. दुसरी पसंती, शैला. तिसऱ्या पसंतीच्या रकान्यात लिहिलं होतं, इतर कोणीही.

कुणाचा मृत्यू कळला की माणूस आधी काहीतरी क्षुल्लक विचारतं. तसं मी विचारलं, "शैलाच्या डाव्याचं काय होणार?"

"मला माझा आहे," शैला हळूच म्हणाली.

पाटणेबाई म्हणाल्या की ते पुढच्या टप्प्यावर बघतात, त्याची काळजी नको. मंजुरीला साधारण दोन महिने लागतात. पर्यायी पाय मिळेपर्यंत माझं नाव प्रतीक्षा यादीत राहील. आज जर डाव्याने ऑपरेशनला संमती दिली, तर दोन्ही पाय एकाच उपचारात बांधले जातात आणि बदलीचा अर्ज आपोआप निकाली निघतो. नाही दिली, तर आज संध्याकाळच्याच टपालाने त्या फाईल जिल्ह्याला पाठवतील.

मी डाव्याकडे पाहिलं. तो चादरीबाहेर होता. घोट्यावर शिरा उभ्या राहिल्या होत्या, करंगळीचं नख काळं पडलं होतं, तळव्याच्या कडेला ढोपराच्या कातडीसारखे जाड घट्टे पडले होते. उजव्याचा तळवा शेजारी मऊ, पांढरा, सावकाराच्या हातासारखा. एवढी वर्षं रोज दिसणारे हे पाय मी एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलेच नव्हते.

"कारण वाचा," डावा म्हणाला.

कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. अब्रू.

पाटणेबाईंनी मग त्याची हरकत रीतसर वाचून दाखवली. ती अशी होती. अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या वार्षिक अहवालात छापून आलं की सत्कारमूर्ती डावा पाय घसरल्याने पडल्या. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. साठीला एक वर्ष कमी असल्याने डाव्याचं म्हणणं कुणी नोंदवून घेतलं नाही. त्यानंतर गावात कुणी ऐनवेळी दगा दिला की त्याला 'हौसाक्काचा डावा' म्हणतात. शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात. निवडणुकीत एका उमेदवाराला भर सभेत म्हणाले. हे सगळं तो माझ्याखाली उभा राहून ऐकत आला. आणि गेल्या सोमवारी हॉस्पिटलच्या अर्जावर, घटनेचा तपशील या रकान्यात, मी पुन्हा तेच सांगितलं. त्याची अट एकच आहे. त्या रकान्यात खरं लिहावं. मग दोन दोऱ्या काय, लागतील तेवढ्या न्याव्यात.

"मी घसरलो नाही," डावा म्हणाला. "मधल्या पायरीवर होतो. टाच, चवडा, पाची बोटं, सगळं टेकलेलं. पायरी कोरडी होती."

मी म्हणाले की सिद्ध कर.

हे ऐकून पाटणेबाई खूश झाल्या, असं मला वाटलं. त्यांनी नवीन पान घेतलं आणि प्रत्यक्षदर्शी म्हणून उजव्याला विचारलं. उजवा गेल्या अकरा वर्षांत फार कमी बोलायला लागला होता. आयतं बसून खाणाऱ्याची जीभ जड होते. त्याला दोनदा हाक मारावी लागली.

"मी हवेत होतो," उजवा म्हणाला. "मला खालच्या पायरीवर ठेवायचं चाललं होतं. मध्येच वरून हुकूम बदलला. खाली जायचं की फिरायचं, मला कळेना. मग कसातरी टेकलो आणि सगळं वजन माझ्यावर आलं."

"हुकूम कुणी बदलला?" पाटणेबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे हुकूम एकाच ठिकाणाहून येतात," उजवा म्हणाला.

डाव्यानेही सांगितलं की वरून अचानक पीळ आला. कंबर मागे फिरली. का फिरली ते त्याला माहीत आहे, पण ते तो सांगणार नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं असतं.

मी म्हणाले की दोघे भाऊ एक झाले. म्हणाले की पायांच्या साक्षीवर माणसाला खोटं ठरवायचं असेल तर उद्या कुणी साठीच्या पुढे जगायलाच नको. वाचनालयाच्या अध्यक्षांनी उतरताना हात पुढे केला होता तो मी घेतला नाही, हे खरं आहे, ते लिहून घ्या. हाडं बसवणारी बाई दुसऱ्याचा हात धरून उतरते, हे बरं दिसलं नसतं. पण घसरला तो डावाच. माझा आवाज चढला होता. पडद्यापलीकडच्या खाटेवरचं बोलणं थांबलं. आमच्याच गावचा एक जण तिथे मनगटाचं प्लास्टर काढायला आला होता. मनगट आधी मीच बसवलं होतं.

डॉक्टर मणेर उठले. पाटणेबाईंना म्हणाले की अजून वीस मिनिटं थांबतो, नाही तर या आज्जींना जेवायला घाला, उगाच उपाशी ठेवू नका. ते 'जेवायला घाला' मला लागलं. मी आयुष्यभर लोकांना जे ऐकवत आले ते हेच होतं. तुमच्याने होत नाही, घरी जा, जेवा.

पाटणेबाईंनी शेवटचा रकाना पूर्ण करायचा म्हणून विचारलं की घटनेच्या वेळी हजर असलेलं आणखी कुणी आहे का.

"मी होते," शैला म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती कुठे उभी होती ते मला चांगलं माहीत होतं. ओट्याच्या डाव्या हाताला, खांबापाशी, पिवळ्या साडीत. चारशे माणसांत ती मला एका नजरेत सापडली होती.

"तुम्ही काय पाहिलं?"

"मला पाय दिसले नाहीत," शैला म्हणाली. "उतरायच्या आधी आत्तीने सगळं माझ्याकडे दिलं होतं. शाल घसरायला लागली म्हणून मी ती एका हाताने छातीशी धरली होती आणि दुसऱ्या हातात नारळ होता. मला वाटलं, आपणही टाळ्या वाजवाव्यात, पण हात मोकळा नव्हता. तेवढ्यात आत्ती पडली. मी धावले तर नारळ सुटला, तो गडगडत पार रस्त्यावर गेला. नंतर सापडला नाही. आत्ती तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. मला आपलं वाटायचं, नारळ हरवला म्हणून."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. माणूस बसचं तिकीट हरवल्याचं सांगतं तसं सांगितलं. पाटणेबाईंनी लिहिलं, नारळ हरवला, आणि खाली रेघ मारली.

मला तिचे हात आठवत होते. अकरा वर्षं रोज आठवत होते, दिवाळीच्या फराळाचा डबा ती उंबऱ्यावर ठेवून गेली की तेव्हाही, मोरीत तिने मला बगलेत हात घालून उचललं तेव्हाही. हातांत काय होतं ते आठवत नव्हतं. शाल मीच तिच्याकडे टाकली होती. नारळ मीच दिला होता. धर गं, म्हणाले होते. मान वळवून बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळात मी ते विसरले.

त्या पुस्तकाची वीस पानं कुणी फाडली हे मला ठाऊक नाही. पण हे पान माझ्याकडे पहिल्यापासून होतं.

डॉक्टर दाराशी उभे होते. पाटणेबाईंनी एका हातात बदलीचा कागद आणि एका हातात संमतीचा कागद धरला होता, आणि शाईची डबी उघडून ठेवली होती. शैलाने माझ्या पायांवरची चादर नीट केली. डाव्यावर जरा जास्त ओढली, त्याला गार लागत असेल म्हणून.

"अगं हौसा," डावा एकदम हळू म्हणाला, "उशीर होतोय."

मी पाटणेबाईंना माझा तो हॉस्पिटलचा सोमवारचा अर्ज पुढे घ्यायला सांगितलं आणि घटनेच्या तपशिलाच्या रकान्यातलं जुनं सगळं खोडायला लावलं. पडदा बाजूला करा म्हणाले, आमच्या गावच्या माणसालाही ऐकू जायला हवं. तो मनगट धरून पुढे आला. मग मी उशीवर ताठ बसले, डाव्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लिहा बाई, डावा पायरीवर रोवून उभा होता, कोण टाळ्या वाजवत नाही ते बघायला मी मागे वळले, आणि एकटी शैला वाजवत नव्हती, कारण तिच्या दोन्ही हातांत माझीच शाल आणि माझाच नारळ होता."